दैवाचे विधान कोणी, कोणाविषयी करावे?

माणसावर ओढवणाऱ्या सुखदुःखामागे काही योजना असते की नाही, आणि असल्यास ती कोणाची, हा प्रश्न धर्मग्रंथांनी आणि दर्शनांनी हजारो वर्षे हाताळला आहे. अठराव्या शतकात इंग्लंड-फ्रान्समध्ये आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात रुजलेल्या कादंबरी या वाङ्मयप्रकाराने मात्र तो एका नव्या जागी आणून ठेवला. पुराणकथेतील नायक राजा, ऋषी किंवा अवतार असल्यामुळे त्याच्या आयुष्यामागे दैवी हेतू असणे गृहीतच धरलेले असते. आरंभीच्या कादंबरीचे नायक-नायिका मात्र व्यापाऱ्याचा मुलगा, घरकामाची पोर, टाकून दिलेले मूल किंवा पुण्यातील एखाद्या ब्राह्मण घरातली मुलगी अशी साधी माणसे असतात, आणि अशांच्या रोजच्या जगण्याकडेही ईश्वराचे लक्ष असते काय, हे कादंबरीला प्रसंगाप्रसंगाने ठरवावे लागते. अभ्यासक्रमासाठी किंवा संशोधनासाठी नव्हे, केवळ आवडीने ही जुनी पुस्तके हाती घेणाऱ्या वाचकाला त्यांतील धर्मचर्चा सुरुवातीला अडचणीची वाटते आणि ती ओलांडून पुढची घटना गाठण्याचा मोह होतो. पण दोन-चार कादंबऱ्या सलग वाचून झाल्या, की ही चर्चाच कथेचा कणा आहे, आणि माणसाने दैवाचे नाव कोणाच्या बाबतीत घ्यावे व कोणाच्या बाबतीत घेऊ नये याचा निवाडा तीत चालला आहे, हे त्याच्या लक्षात येते.

या निवाड्यात येणाऱ्या दोन-तीन संज्ञा आधी स्पष्ट करून घेणे आवश्यक आहे. ईश्वरी योजना म्हणजे जग निर्माण करून ईश्वर अलिप्त राहत नाही, लहानमोठ्या प्रत्येक घटनेची तो सूत्रे हलवतो, ही ख्रिस्ती धर्मविचारातील धारणा होय. ती मान्य केली की ईश्वर सर्वशक्तिमान आणि दयाळू असताना निरपराधांच्या वाट्याला दुःख का यावे, ही शंका पाठोपाठ येते, आणि तिच्यापुढे ईश्वराच्या न्यायीपणाची बाजू मांडणाऱ्या युक्तिवादाला ईश्वरन्यायसमर्थन म्हणता येईल. जर्मन तत्त्ववेत्ता लायब्निट्झ याने १७१० साली याच विषयावर ग्रंथ लिहून, शक्य असलेल्या सर्व जगांपैकी हे जग सर्वोत्तम आहे असा सिद्धान्त मांडला. भारतीय परंपरेलाही ही शंका अपरिचित नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावर पक्षपाताचा आणि निर्दयतेचा आरोप येऊ शकतो हे विचारात घेऊन त्याचे निरसन केलेले आहे, आणि शंकराचार्यांनी त्यावरील भाष्यात पर्जन्याचा दृष्टान्त दिला आहे: पाऊस भाताला आणि जवाला सारखाच पडतो, पण भात भात म्हणून आणि जव जव म्हणून उगवतो तो बीजांच्या वेगवेगळ्या सामर्थ्यामुळे, तसाच ईश्वर सर्वांना समान असून सुखदुःखातील विषमता ज्याच्या त्याच्या कर्मामुळे येते. या कर्माचे तीन प्रकार मानले जातात. साठलेले ते संचित, त्यातले ज्याचे फळ भोगणे सुरू झाले ते प्रारब्ध, आणि या घडीला हातून घडत असलेले ते क्रियमाण. यांपैकी तिसऱ्याचा प्रश्न विवेचनाच्या शेवटी पुन्हा उपस्थित होईल.

डॅनियल डिफो याच्या १७१९ सालच्या 'रॉबिन्सन क्रूसो' या कादंबरीत ईश्वरी योजनेचा विचार ज्या प्रसंगाने नायकाच्या मनात शिरतो, तो प्रसंग मूठभर धान्याचा आहे. जहाज फुटून निर्जन बेटावर एकटा पडलेल्या क्रूसोला काही महिन्यांनी आपल्या निवाऱ्याच्या आडोशाला हिरव्या काड्या उगवलेल्या दिसतात. पुढे त्यांना दहा-बारा कणसे धरतात आणि ती जवाची असल्याचे त्याला ओळखू येते, शेजारी भाताचीही काही रोपे असतात. तोवर धर्माचा फारसा विचार न केलेला हा माणूस, आपल्यासाठी ईश्वराने पेरणीवाचून धान्य उगवले या समजुतीने गहिवरतो. नंतर त्याला आठवते की जहाजावरून आणलेली कोंबड्यांच्या दाण्याची पिशवी, जिच्यातले दाणे उंदरांनी खाऊन केवळ भूस उरले आहे असे त्याला वाटले होते, ती त्याने पावसाळ्यापूर्वी याच जागी झटकली होती. कारण सापडताच चमत्कार संपतो आणि त्याबरोबर कृतज्ञताही ओसरते. परंतु कथा सांगणारा, वयाने आणि अनुभवाने पुढे गेलेला क्रूसो येथे थांबून म्हणतो, की उंदरांच्या तावडीतून ते थोडे दाणे शाबूत राहावेत आणि उन्हात करपण्याऐवजी नेमके सावलीत पडावेत, हे आकाशातून धान्य पडण्याइतकेच ईश्वराचे देणे मानायला हवे होते.

शंकराचार्यांच्या दृष्टान्तातील पाऊस, भात आणि जव ही तिन्ही या प्रसंगात योगायोगाने हजर आहेत, पण विचाराची दिशा निराळी आहे. आचार्य फळातील भेदाचे कारण शोधत बीजापर्यंत जातात. क्रूसो ते बी ज्या जागी पडले त्या जागेकडे पाहतो. धान्य कसे उगवले याचे लौकिक कारण पूर्णपणे कळल्यावरही, ते आपल्याला मिळाले याचे आश्चर्य शिल्लक राहू शकते, आणि त्या आश्चर्याला तो ईश्वराचे नाव देतो. येथे त्याच्या विधानाने कोणाचे काही हिरावले जात नाही, कोणावर आरोप होत नाही, आणि लौकिक कारणही नाकारले जात नाही. स्वतःच्या आयुष्याकडे मागे वळून पाहणाऱ्या माणसाने केलेले हे कृतज्ञतेचे वाचन आहे, आणि श्रद्धाळू नसलेल्या वाचकालाही त्याचा मान राखावासा वाटतो.

अडचण सुरू होते ती इतर माणसे दृष्टीसमोर आली की. फुटलेल्या जहाजावरून उतरून लहान होडीत बसलेली माणसे अकरा होती आणि त्यांपैकी जिवंत राहिला तो एकटा क्रूसो. बाकीच्यांची खूण म्हणून किनाऱ्यावर त्याला तीन हॅट, एक टोपी आणि एकमेकांशी न जुळणारे दोन बूट एवढेच सापडतात. पुढे तो व्यापाऱ्याच्या वहीप्रमाणे जमा-खर्चाचे दोन रकाने आखून आपल्या स्थितीतील वाईट एकीकडे आणि चांगले दुसरीकडे मांडतो, तेव्हा सर्व सोबती बुडाले असताना आपण वाचलो ही बाब जमेच्या बाजूला येते. आपलीच निवड का झाली आणि ते दहा जण कोठे आहेत, हा प्रश्न त्याची विवेकबुद्धी त्याला विचारतेही. पण उत्तर न देता तो प्रत्येक वाईटात काही चांगले असते या सर्वसाधारण बोधाकडे वळतो. हिशेबाची वही ज्याची असते त्याचाच फायदा-तोटा तीत लिहिला जातो, हे मर्यादित अर्थाने योग्यच आहे. मात्र बुडालेल्या दहांच्या वहीत त्या दिवसाखाली काय लिहावे हे क्रूसोला सांगता येत नाही, आणि डिफोनेही ते सांगितलेले नाही.

याहून गंभीर गोष्ट क्रूसोच्या पश्चात्तापात आहे. वडिलांचा उपदेश झुगारून घर सोडले हे आपले मूळ पाप आणि बेटावरील एकांत ही त्याची शिक्षा, असा अर्थ तो आपल्या आयुष्याचा वारंवार लावतो. आपण जन्मलो तीच ३० सप्टेंबर ही तारीख बेटावर जीव वाचण्याची ठरली, अशा तारखांच्या जुळण्यांतही त्याला संकेत दिसतो. पण ज्या सफरीत त्याचे जहाज फुटले ती सफर ब्राझीलमधील मळ्यांसाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम आणण्याची होती, ही गोष्ट त्याच्या पापांच्या यादीत त्या नजरेने येत नाही. मूरांच्या कैदेतून पळताना ज्याने त्याला जिवाभावाची साथ दिली त्या झुरी नावाच्या मुलाला तो एका पोर्तुगीज कप्तानाला साठ चांदीच्या नाण्यांना देऊन टाकतो, आणि पुढे झुरीची आठवण काढून हळहळतो ती मळ्यावर कामाला माणूस कमी पडल्यावर. आपल्या जवाच्या दाण्यांत ईश्वराचा हात ओळखणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या गळ्याभोवती असलेला आपला हात दिसत नाही, हे या कादंबरीने न बोलता नोंदवलेले सत्य आहे. ईश्वरी योजना स्वतःपुरती वाचणारी दृष्टी प्रामाणिक असली तरी ती अपुरी असू शकते, हे त्यावरून समजते.

त्याच बेटावर या दृष्टीला पहिला छेद देणारा माणूस म्हणजे क्रूसोने फ्रायडे असे नाव ठेवलेला तरुण. क्रूसो त्याला ख्रिस्ती धर्म शिकवू लागतो, तेव्हा ईश्वर सैतानाहून एवढा बलवान आहे, तर तो सैतानाला मारून पापाचा शेवट का करत नाही, असे फ्रायडे सरळ विचारतो. क्रूसो आधी ऐकू न आल्याचे भासवतो, मग अखेरच्या न्यायदिवसाचे उत्तर देतो. त्यावर फ्रायडेची पुढची शंका येते, आणि सर्वांना पश्चात्तापासाठी राखून ठेवले असेल तर सैतानालाही क्षमा मिळणार काय, येथवर बोलणे पोचल्यावर गुरू विषय बदलून शिष्याला कामासाठी दूर पाठवतो. ईश्वरन्यायसमर्थनाचे सारे ग्रंथ ज्या प्रश्नाभोवती फिरतात तो येथे मोडक्या इंग्रजीत, ग्रंथांचे ओझे नसलेल्या माणसाच्या तोंडून येतो, आणि शिकवणाऱ्याला उत्तर सुचत नाही हे लेखक लपवत नाही. डिफो स्वतः श्रद्धावान होता. म्हणूनच हे न लपवणे मोलाचे आहे.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी चर्चमध्ये उपासनेसाठी माणसे जमलेली असताना, पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने हादरली. त्यानंतर समुद्राच्या लाटा आल्या, आगी लागल्या आणि हजारो माणसे मेली. हे जग सर्वोत्तम आहे या सिद्धान्ताची परीक्षा यानंतर युरोपभर सुरू झाली. व्होल्तेर याने १७५९ साली लिहिलेल्या 'कांदीद' या छोटेखानी तत्त्वचिंतनपर कादंबरीत लायब्निट्झच्या मताचा जप करणारा पांग्लोस हा पंडित आहे. लिस्बनच्या बंदराशी जहाज बुडत असताना झाक नावाचा एक दयाळू माणूस, ज्याने कांदीदला आणि पांग्लोसला आसरा दिला होता, एका खलाशाला वाचवताना स्वतः पाण्यात पडतो. कांदीद त्याच्यामागे उडी घेऊ पाहतो, तर पांग्लोस त्याला अडवून, हे बंदर मुळात याच माणसाने येथे बुडावे यासाठी निर्माण झाले आहे, असे सिद्ध करू लागतो. सिद्धान्ताच्या खरेखोटेपणाचा वाद येथे गौण ठरतो. बुडणाऱ्याकडे जाणारा हात त्या क्षणी सिद्धान्ताने धरून ठेवला, हे वाचकाला डोळ्यांपुढे दिसते, आणि दुसऱ्याच्या मृत्यूला योजना म्हणणे ही केवळ चुकीची समजूत नसून ती एक कृती आहे, हे त्याला उमगते. याच पुस्तकात पुढे सुरिनाममध्ये एक हात आणि एक पाय गमावलेला गुलाम भेटतो आणि युरोपात खाल्ल्या जाणाऱ्या साखरेची किंमत म्हणून आपल्या अवयवांकडे बोट दाखवतो. क्रूसोच्या ब्राझीलमधील मळ्याची, त्याने न लिहिलेली बाजू चाळीस वर्षांनी लिहिली गेली ती येथे.

बायबलमधील ईयोबाच्या कथेतही हाच निवाडा आधी झालेला आहे. सर्वस्व गमावून राखेत बसलेल्या ईयोबाला त्याचे मित्र, तुझ्या हातून काहीतरी पाप झाले असले पाहिजे, असे पटवत राहतात. शेवटी ईश्वर रागावतो तो त्या मित्रांवर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे. धर्माची बाजू घेऊन बोलणारे चुकले आणि धर्माला जाब विचारणारा बरोबर ठरला, हा धर्मग्रंथाचाच निर्णय ध्यानात ठेवला, तर कादंबरीने उभा केलेला आक्षेप धर्माबाहेरून आलेला आहे असे म्हणता येत नाही.

कादंबरीलेखकापुढे मात्र एक वेगळी अडचण असते: आपल्या कथेत दैव तोच असतो. सॅम्युएल रिचर्डसनच्या 'पामेला' या १७४० सालच्या कादंबरीत मालकाच्या वासनेला न जुमानणाऱ्या मोलकरणीला अखेर त्याच मालकाची पत्नी होण्याचे भाग्य लाभते, आणि सद्गुणाला बक्षीस मिळाले असे मुखपृष्ठावरच जाहीर केलेले असते. सद्गुणाने याच जन्मी सुख आणि दुर्गुणाने दुःख मिळते ही शिकवण फार हितकारक असली तरी ती खरी नाही, असे हेन्री फील्डिंग 'टॉम जोन्स' या १७४९ सालच्या कादंबरीत स्पष्ट बजावतो. तरीही आपल्या अनाथ नायकाला तो योगायोगांच्या साखळीने घर, वारसा आणि प्रिया मिळवून देतो, आणि ही सारी रचना आपण केली आहे हे वाचकाशी बोलताना झाकत नाही. त्याआधीच, १७४७-४८ मध्ये, खंडाखंडाने प्रसिद्ध होणाऱ्या 'क्लॅरिसा' कादंबरीच्या नायिकेला मरू देऊ नये अशी गळ वाचकांनी रिचर्डसनला घातली होती, पण या वेळी तो बधला नाही. निरपराधाला न्याय मिळायचा तो परलोकात, तो येथेच दाखवणे म्हणजे श्रद्धेला उणेपणा आणणे, अशी भूमिका त्याने घेतली. आठ वर्षांच्या आत एकाच लेखकाने दिलेली ही दोन उत्तरे शेजारी ठेवली, की सुखान्त कथेतील न्याय हा जगाचा नियम नसून लेखकाची कृपा असते, हे वाचकाला कळून चुकते.

मराठीत हा प्रश्न आला तो अधिक कठीण रूपात, कारण येथे दैवाचे विधान पंडिताच्या ग्रंथात बंद नव्हते, ते घराघरात आचारात उतरलेले होते. बालवयात पती गमावलेल्या मुलीचे वैधव्य हे तिच्या पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानले जाई, आणि त्या समजुतीच्या आधारावर तिचे अन्न, वस्त्र, घरातली जागा आणि केस यांविषयीचे निर्णय दुसरेच घेत. १८५६ साली विधवाविवाहाला कायद्याने मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षी बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' ही, मराठीतील पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून मान्य झालेली, कथा प्रसिद्ध झाली. तिची नायिका पतीसोबत प्रवास करताना ठिकठिकाणच्या विधवांची हकीकत ऐकत जाते, पुढे तिच्यावरही वैधव्य येते, आणि शेवटी ती ख्रिस्ती धर्म स्वीकारून पुनर्विवाह करते. धर्मांतर करून तीनच वर्षे झालेल्या लेखकाचा प्रचाराचा हेतू यात उघड आहे, आणि एका योजनेच्या जागी दुसरी ईश्वरी योजना बसवून कथा संपते ही तिची मर्यादाही खरी आहे. परंतु विधवांची स्थिती म्हणजे प्रारब्ध हे एकच उत्तर देण्याऐवजी प्रत्येकीला तिची हकीकत सांगू द्यावी, हा तिने घातलेला पायंडा तिच्या निष्कर्षाहून अधिक टिकाऊ ठरला. त्यानंतर आलेल्या लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या 'मुक्तामाला' (१८६१) सारख्या अद्भुतरम्य कथांनी सद्गुणी नायिकेची संकटातून सुटका करून वाचकांना दिलासा दिला. तो दिलासा 'पामेला'च्या जातीचा होता.

हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः आणि १८९३ साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा हा दिलासा मराठी वाचकाकडून काढून घेतला गेला. तिची नायिका यमू आपली कथा स्वतः सांगते: माहेरचे दिवस, लहानपणीचे लग्न, सुधारकी वृत्तीच्या पतीबरोबर मुंबईत मिळालेली लिहिण्या-वाचण्याची मोकळीक, आणि पतीच्या मृत्यूनंतर सासरच्यांनी बळजबरीने केलेले केशवपन, म्हणजे विधवेचे मुंडण. पतीचा मृत्यू आणि केशवपन हे दोन आघात शेजारी शेजारी येतात, म्हणून त्यांच्यातील फरक वाचकाच्या मनात ठसतो. पतीचा मृत्यू आजाराने झाला. त्याला कोणी दैव म्हटले तर त्या बोलण्यात निदान माणसाचा हात लपत नाही. वस्तरा मात्र माणसाने बोलावलेल्या माणसाच्या हातात होता, आणि बंद खोलीत जे घडले ते घरच्यांनी ठरवून, वेळ साधून घडवले. या दोन्हींना एकच शब्द लावला, की दुसऱ्या कृत्याची जबाबदारी पहिल्याच्या आड नाहीशी होते. यमू आपली कथा स्वतः सांगते म्हणूनच तिच्या आयुष्याचा अर्थ लावण्याचा अधिकार घरातील वडीलधाऱ्यांच्या हातून सुटून तिच्याकडे येतो. या कथेने केलेला खरा बदल तो हाच.

यावर एक आक्षेप रास्तपणे घेता येईल. दुसऱ्याच्या दुःखाविषयी कर्मफळाचे विधान करायचेच नसेल, तर कर्मसिद्धान्त सोडून द्यावा लागेल, कारण सिद्धान्त हा सर्वांना लागू असतो, एकट्या बोलणाऱ्याला नव्हे. या आक्षेपाचे उत्तर सिद्धान्तातच आहे. दुःख भोगणाऱ्याचे प्रारब्ध त्याच्या पूर्वकर्माने ठरले हे क्षणभर मान्य केले, तरी ते पाहणाऱ्याचे, त्यात हात घालणाऱ्याचे किंवा हात आखडता घेणाऱ्याचे वागणे हे त्याचे स्वतःचे क्रियमाण कर्म आहे, आणि त्याची जमा-वजाबाकी त्याच्याच नावावर होणार आहे. ब्रह्मसूत्रांनी कर्माचा आधार घेतला तो ईश्वरावरील पक्षपाताचा आरोप दूर करण्यासाठी. विधवेचे केस कापणाऱ्या घराला किंवा मुलाला विकणाऱ्या मित्राला दोषमुक्त करण्यासाठी तो घेतलेला नाही. जो सिद्धान्त प्रत्येकाला आपल्या कृत्याला जबाबदार धरतो, त्याचा उपयोग जबाबदारी झटकण्यासाठी करणे हा त्या सिद्धान्ताचाच अपमान आहे, आणि हे समजण्यासाठी सिद्धान्त नाकारावा लागत नाही.

म्हणून या जुन्या कादंबऱ्यांच्या वाचनातून हाती येणारा निष्कर्ष असा मांडता येतो: दैव, ईश्वरी योजना किंवा प्रारब्ध यांचे विधान माणसाने स्वतःच्या आयुष्याविषयी करावे, तेथे ते कृतज्ञता देते आणि सोसण्याचे बळही देते, दुसऱ्याच्या दुःखाविषयी ते करू नये, कारण तेथे ते विधान न राहता निकाल होते, आणि तो निकाल देण्याचा अधिकार कोणाही माणसाला नाही. दुःखाच्या घरी भेटायला गेलेला माणूस आजही सहज म्हणून जातो, की देवाची इच्छा, नशिबात होते. बोलणाऱ्याचा हेतू बहुधा सांत्वनाचाच असतो, पण ते शब्द त्या घरातल्यांनी स्वतः उच्चारले तरच त्यांत सांत्वन असते. पाहुण्याचे काम त्या वेळी ऐकण्याचे आणि काय मदत हवी ते विचारण्याचे आहे. 'रॉबिन्सन क्रूसो', 'कांदीद' आणि 'पण लक्षात कोण घेतो?' ही तीन पुस्तके मराठी वाचकाने एकदा तरी एकापाठोपाठ वाचावीत, आणि धर्मचर्चेची पाने न गाळता वाचावीत.